रुमाल बांधलेली घंटा

मी एक घंटा बोलतेय. बैलाच्या गळ्यातली घंटा सोलापुरात सॉफ्टवेअरच्या ऑफिसात टांगलीय, हेच कुणाला खरं वाटत नाही. मग पुढचं कुठलं वाटायला!

ऑफिसच्या मालकीण वैजयंती मॅडमनी मला मंद्रूपच्या बाजारातून आणलं. नियम एकच: काम तपासून झालं की त्या मला वाजवणार, आणि मी वाजले की त्यात कुणी हात घालायचा नाही. कारण गिऱ्हाइकाला बदल नेमका शेवटच्या घटकेला सुचतो, आणि तो नेहमी 'छोटासाच' असतो. बैलावर वरची गोणी टाकणारेही असंच म्हणायचे.

त्या दुपारी एका कॉलनीचं काम सुरू व्हायचं होतं. पाणी सुटलं की घरोघरी मोबाइलवर मेसेज. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. मेसेज चुकला की हंडे कोरडे. मी वाजले आणि कॉलनीचा कारभार बघणाऱ्या लालसाबचाचांचा फोन आला. मयत माणसांना मेसेज नको म्हणाले.

"आमच्या शेजारची खातूनबी गेली, पण तिच्या पोरी तिचा मोबाइल चालू ठेवतात. तो वाजला की त्याच दचकतात. तेवढं करा की, बाई."

मॅडम म्हणाल्या, घंटा झाली चाचा, पुढच्या वेळी बघू. पण फोन काही त्यांनी खाली ठेवला नाही. ते बघून प्रोग्रॅम लिहिणाऱ्या युवराजनं खिशातला रुमाल काढला आणि माझ्या जिभेला गुंडाळला.

"मॅडम, वाजलीच न्हाय समजा."

सगळे हसले. बदल एका ओळीचा, त्यानं लगेच केला. पुन्हा कोण तपासतंय?

ती ओळ उलटी पडली. मेसेज फक्त मयतांना गेले. पाणी येऊन गेलं, कॉलनीला पत्ता नाही. शिव्यांचे फोन सुरू झाले. आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खातूनबीच्या नंबरावरून उत्तर आलं: 'भरलं.'

पोरींनी केलं असेल, युवराज म्हणाला. चाचांना विचारलं. पोरी कॉलेजात होत्या, मोबाइल कपाटात, कपाटाला कुलूप.

"पण तिच्या घरातले हंडे काठोकाठ भरलेत, बाई. वर फडकी झाकलीत. ती झाकायची तशीच."

तेव्हा मी वाजले. पंखा बंद, जीभ बांधलेली, तरी वाजले.

युवराजनं ओळ सरळ केली, तपासली. मॅडमनी रुमाल सोडून माझ्याकडे हात उचलला, तोच पुन्हा चाचांचा फोन. छोटासाच बदल होता. मयतांचे मेसेज बंद करा, तिचा तेवढा राहू द्या. पोरींनीच सांगितलंय.

युवराज सवयीनं रुमालाकडे वळला. मॅडमनी त्याचा हात धरला. या खेपेला त्यांनी मला अजून वाजवलं नव्हतं. त्यांनी बदल घेतला, सगळं पहिल्यापासून तपासलं आणि मगच मला वाजवलं.

तेव्हा बाबांनो, काय सांगायचं ते मी वाजायच्या आधी सांगा. माझी जीभ बांधू नका.

तो रुमाल युवराजनं कचऱ्यात टाकला होता. पाण्याच्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं, तर तो धुतलेला, ओला, माझ्यावर नीट झाकलेला होता.