आरोहीनं विचारलेला प्रश्न

आमच्या सुनेला परीक्षेआधीच आमी डॉक्टर करून टाकलं होतं. भवानी पेठेच्या कोपऱ्यावर हा एवढा मोठा फ्लेक्स लागलता, ‘डॉ. सौ. आरोही युवराज यांचे हार्दिक अभिनंदन’. तिचा फोटो एवढुसा आन् खाली शुभेच्छुकांची तोंडं ही एवढाली. बसवेश म्हणून युवराजचा, म्हंजे माझ्या लेकाचा दोस्त हाय, त्याचं फ्लेक्सचं दुकान. मी त्याला म्हणलं, अरे परीक्षा तर होऊ दे की. तर म्हणतो, “काकू, पीएचडीच्या तोंडी परीक्षेत कुणी नापास झालेलं ऐकलंय का तुमी? त्या दिवशी हार असतोय, पेढे असतात, जेवण असतंय. परीक्षा आपली नावाला.”

मला पटलं. खोटं कशाला बोलू, लई आवडलंबी. मंडईत जाताना मी मुद्दाम त्या कोपऱ्यावरनं जायला लागले.

मी दगडाबाई. माहेर करमाळ्याकडचं. कडक भाकरी आन् शेंगाचटणीचा धंदा घरातनंच करते. आरोही सहा वर्षं त्या पीएचडीला बसली, तवा तिची पोरगी मी वाढवली, डबा मी केला, पाहुण्यारावळ्यांची तोंडं मी बंद केली. ती कॉलेजात तासावर शिकवायची, पगार म्हंजे नुसतं नाव. पीएचडी हातात पडली की त्याच कॉलेजात कायमची नोकरी. जागा एकच आन् मुलाखत परीक्षेच्या पुढच्याच आठवड्यात. तिच्याइतकीच मी त्या नोकरीकडं डोळे लावून बसलते.

विषय काय म्हणाल, तर उत्तर ध्रुवाजवळ कुटंतरी बर्फाचं बेट हाय, तितं एक मोठी रडारची थाळी. ती आभाळात लहरी सोडती आन् परत काय येतं ते ऐकती. लई वर, हवा संपत आली की उन्हानं हवेचे कण फुटतात आन् विजेनं भारले जातात. त्याला प्लाझ्मा म्हणायचं. त्याचे पुंजके ध्रुवावरनं वाहत जातात आन् विमानाच्या रेडिओत घोळ घालतात. मी एकदा विचारलं, “अगं, पण तुला हितं सोलापुरात बसून काय दिसतंय?” म्हणली, “आई, सगळी माहिती इंटरनेटवर मिळते.” म्हंजे आमी हितं उन्हाळ्यात घामानं निथळायचं आन् ही पंख्याखाली बसून बर्फावरचं आभाळ बघायची. तिला त्यात बारके, लई दाट पुंजके सापडले, ओळीनं चाललेले. आजवर कुणी बघितले नव्हते म्हणं. परदेशातल्या मासिकात छापूनबी आलं. तिचे गाईड अण्णाराव सर स्वतः पेढे घेऊन घरी आलते.

परीक्षेच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. दिवेलागणीला आमी गच्चीवर होतो. एकदम गल्लीत आरडाओरडा सुरू झाला, “बघा, बघा.” आभाळात लायटीची माळ चाललेली, एकामागं एक, एकदम ओळीत. युवराज म्हणला, “उपग्रह हायत आई. इंटरनेटच्या कंपन्या सोडतात.” सगळी पेठ माना वर करून बघत होती. आरोहीच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तिनं तो ताटात ठेवला आन् खाली गेली.

त्या दिवसापासनं तिचं जेवण तुटलं. बोलवलं तर दचकायची. मला वाटलं, पोरीला दिवस गेले की काय. मी गुपचूप कैऱ्या आणून ठेवल्या. त्या तशाच पिवळ्या पडल्या.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजचा हॉल आमीच भरला. करमाळ्यावरनं माझा भाऊ हिंदुराव जीपभर माणसं घेऊन आलता, डोक्याला फेटा, हातात हाराची पिशवी. शेजारच्या खोलीत जेवण तयार, शेंगापोळीचा वास थेट हॉलमधे येत होता. पुण्याहून एक परीक्षक आलते, पांढऱ्या केसांचे, शांत. आरोही इंग्रजीत बोलली. पडद्यावर निळी चित्रं, त्यात लाल ठिपके. मला त्यातलं काय कळत न्हाय, पण मी मान हलवत होते.

बोलणं झालं. परीक्षकांनी कौतुक केलं. मंग अण्णाराव सर उठले आन् म्हणले, “सभागृहात कुणाला काही प्रश्न?” असं विचारायची रीत असती, कुणी विचारायची रीत नसती. हिंदुरावनं पिशवीतनं हार काढलासुद्धा. शिपाई शाल-नारळाचं तबक घेऊन पुढं आला.

“सर, मला एक प्रश्न आहे,” आरोही म्हणली.

सर हसले. “अहो, प्रश्न तुम्हाला विचारायचे असतात.”

“मलाच विचारायचा आहे.”

ती स्टेजवरनं खाली उतरली. पहिल्या रांगेपाशी, माझ्या खुर्चीला लागून उभी राहिली आन् तिनं त्या रिकाम्या स्टेजकडं बघून विचारलं. मराठीत. “हे ठिपके प्लाझ्माचे आहेत, हे उमेदवारानं कशावरून ठरवलं? ते उपग्रह नाहीत ना, हे तपासलं होतं का?”

मंग ती पुन्हा वर गेली, माईकसमोर उभी राहिली आन् स्वतःच उत्तर द्यायला लागली.

“नाही. तपासलं नव्हतं. रडारच्या माहितीतून उपग्रह बाजूला काढायला एक चाळणी असते. ती मीच काढून टाकली, कारण ती माझे सगळ्यात ठळक ठिपके फेकून देत होती. मला वाटलं, चाळणीच चुकते. आता मी उपग्रहांच्या जायच्या वेळा घेऊन जुळवून बघितल्या. जवळजवळ सगळे ठिपके त्यांचेच आहेत. पहिली प्रकरणं बरोबर आहेत. पण शोध म्हणून मी जो मांडला, तो शोध नाही.”

सहा वर्षांत पहिल्यांदा मला तिचा विषय कळला. आन् कळला तो असा. कानात नुसता पंख्याचा आवाज. वाटलं, उठावं, पोरीच्या तोंडावर हात ठेवावा आन् म्हणावं, हिला बरं न्हाय, हिचं ऐकू नका. पण मला खुर्चीतनं उठताच येईना.

परीक्षकांनी समोरचा कागद उलटा करून ठेवला. मंग म्हणले, “आज निकाल जाहीर करता येणार नाही. प्रबंध दुरुस्तीला परत जाईल. वर्ष तरी लागेल.” जाता जाता ते तिला कायतरी हळू बोलले आन् तिनं मान हलवली. पण वर्ष म्हंजे नोकरी गेली, एवढं मला कळत होतं.

“म्हंजे पास का नापास?” हिंदुरावनं हार हातात धरून विचारलं. करमाळ्याची मंडळी भुकेजलेली होती, ती खाली माना घालून जेवली. तो हार त्यानं कुटं ठेवला, कुणाला ठाऊक.

मी अण्णाराव सरांना दारात गाठलं. हात जोडून म्हणलं, “सर, पोरीचं डोकं फिरलंय. तुमी कायतरी करा.”

सरांचा चेहरा पार उतरलता. म्हणले, “मावशी, मी तिला आठवडाभर समजावलं. आधी डिग्री पदरात पाडून घे, मग सावकाश दुरुस्त करू म्हणालो. ऐकेल तर शपथ.”

मी हबकलेच. म्हंजे सरांना ठाऊक होतं. मी युवराजकडं वळले, तर तो बुटाच्या नाड्या बघत उभा. त्यालाबी ठाऊक होतं. आन् मी मात्र शेजारणींना वाटायला पेढ्यांची पाकिटं करत बसलते.

आमी रिक्षानं घरी निघालो. रिक्षा कोपऱ्यावरनं वळली तवा फ्लेक्सकडं बघितलंसुद्धा न्हाय. घरात आल्यावर आरोहीनं साडी बदलली, स्वैपाकघरात आली आन् माझ्या चटणीच्या शेंगा सोलायला बसली. रोजच्यासारखी. ते बघून माझं टाळकंच सरकलं.

“ठेव त्या शेंगा,” मी म्हणलं. “तुझी सहा वर्षं गेली तशी माझीबी गेलीत की. आता उद्यापासनं पेठेत तोंड कुटं लपवू मी?”

ती शेंगा सोलतच राहिली.

“आन् ते जाऊ दे. सरांना सांगितलंस. नवऱ्याला सांगितलंस. मी काय परकी हाय व्हय? एकाच ताटात जेवतो आपण. भर सभेत, चारचौघांच्या बरोबर कळावं मला?”

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. तिचे डोळे भरलते, पण आवाज शांत होता.

“सर म्हणाले, गप्प बस. मी नाही ऐकलं. हे म्हणाले, गप्प बस. मी ह्यांचंही नाही ऐकलं.”

“मंग मला का न्हाय सांगितलंस?”

“तुम्ही म्हणाला असतात, तर मी बसले असते, आई.”

दिवसभराचा राग ओठावर होता, तो कुटं गेला कळलं न्हाय. कारण मी तेच म्हणलं असतं. नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली असती, पाया पडले असते, पण तिला गप्प बसवलं असतं. आन् ते तिला माझ्याआधी ठाऊक होतं.

मी सूप पुन्हा मधे ओढलं आन् तिच्यासमोर शेंगा सोलायला बसले.