आवडीचंच सोड

शरदिनीबाईंनी लेकाचं मनगट धरून त्याला संकठा घाटाच्या शेवटच्या पायरीवर खेचलं, जणू हा चाळिशीतला बाप्या अजूनही पळून जाणार होता.

"अरे उतर! गुरुजी खोळंबलेत."

"आई, छोड़ो ना. येतोय मी."

वासुदेव बऱ्याच वर्षांनी मलेशियाहून काशीला, घरी आला होता. तिथल्याच चिनी मुलीशी लग्न करून बसलेला. तेही बाईंनी पचवलं. पण परवा तो बोलून गेला, की नववर्षाच्या जेवणात सासरे समुद्रकाकडीचा पहिला तुकडा त्याच्याच वाडग्यात घालतात. नाव काकडीचं, पण जीव तो! समुद्राच्या तळाशी लोळणारा, अळीसारखा लिबलिबीत. तेव्हापासून बाईंना ना झोप, ना चैन. काशीयात्रेला आलेल्याने आवडीचा एक पदार्थ जन्माचा सोडायचा असतो. बाईंनी त्याच रीतीचं हत्यार उपसलं. पोराला त्या पंगतीतून उठवायचंच.

नरहरगुरुजींनी त्याच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं.

"काय सोडता, वासुदेवराव? लोक कारलं सोडतात, दुधी सोडतात."

"लबाड मेले!" बाई कडाडल्या. "ताटात नको असतं, तेच देवाच्या गळ्यात मारतात. तू आवडीचंच सोड रे. गंगेसमोर खोटं नको."

"तुझा रोख कळतोय मला. पण ती मला आवडतच नाही, आई. सासरे मायेने वाढतात, म्हणून गिळतो."

"मग सोडायला तुझं काय जातंय?"

"नावडतं सोडणारे लबाड, असं आत्ता तूच म्हणालीस ना?"

गुरुजी मिशीत हसले. बाईंनी पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला.

"लवकर बोला, पाणी गळतंय," गुरुजी म्हणाले.

"आईच्या हातची गव्हल्यांची खीर," वासुदेव म्हणाला आणि त्याने उदक सोडलं.

बाईंनी त्याचा तळहात धरायला हात पुढे केला, तोवर पाणी गेलं होतं. दर उन्हाळ्यात कंबर मोडेस्तोवर गव्हले वळून त्या डबा भरून धाडायच्या. गंगेत पडलेलं आता कोण काढणार?

चढताना त्याने पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला. देवळापाशी मात्र श्वास पुरेना. त्या भिंतीला टेकल्या.

"चवीला कशी असते रे ती तुझी काकडी?"

"तिला स्वतःची चवच नसते. ज्या रश्श्यात शिजेल, त्याची लागते."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"मग रस्सा तरी नीट करते का सूनबाई?"