भिंतीवरचा बिंदो

गद्दार हाती लागला नाही की फ्लॉरेन्समध्ये त्याचं चित्र कोतवालीच्या भिंतीवर काढत, एका पायाने उलटं टांगलेलं. जुने चितारी सगळ्या गद्दारांना एकच तोंड द्यायचे. ओळख पटायची ती खालच्या नावावरून. लापाला तेवढाच धीर होता. तिच्या नवऱ्याने, बिंदोने, जुन्या रोमन ग्रंथांचे दाखले देत भर चौकात सांगितलं होतं, की शहर नागरिकांचं असतं, एका घराण्याचं नव्हे. आता तो लापाच्या मावशीच्या मठात, तळघरात दडला होता. साधूचा झगा घालून रविवारी शहराबाहेर निसटायचं ठरलं होतं. वेशीवरचे भाडोत्री शिपाई परमुलखातले, त्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

चितारी आला तेव्हा ती छोट्या नेल्लोला दुधात कुस्करलेला पाव भरवत होती. वान्नी त्याचं नाव, सिएनाहून नवाच आलेला.

"वहिनी, बसू का जरा?"

"वहिनी कुणाला म्हणतोस रे? माझ्या माणसाला उलटं टांगायला आलायस ना?"

"टांगणारे ते. मी नुसता काढतो." त्याच्या आवाजात खरंच आर्जव होतं. "बिंदोंचं भाषण मी पुन्हापुन्हा वाचलंय. माणसाचं मोल काय ते मला त्यातून कळलं. अशा माणसाला कुणाचंही तोंड चिकटवू?"

लापाने पोराच्या तोंडात आणखी एक घास भरवला. मग म्हणाली, "लिही तर. नाक बसकं. केस तांबडे. हनुवटी आत गेलेली, सशासारखी."

"सशाशी लग्न केलंत?"

"बापाने लावून दिलं. मला कोण विचारतंय!"

वान्नी हसला. त्याचा कोळसा कागदावर सरसरत होता. मधूनच तो नेल्लोकडे बघून भुवया उडवायचा. "मामाला दात दाखव बघू!" पोर खिदळलं. वान्नीने हलकेच त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. थाप पचली म्हणून लापा इतकी खूश, की जाताना तिने त्याला पेलाभर वाइनही दिली.

शनिवारी चित्रावरचा पडदा काढला. पोराला कडेवर घेऊन ती मुद्दाम बघायला गेली.

भिंतीवर बिंदोच होता. तेच रुंद कपाळ, तीच चढती डावी भुवई.

वान्नी शिडीवरून उतरला. "जमलाय ना? पोरातून तुम्हाला वजा केलं, वहिनी. उरले ते बिंदो. मग वय वाढवलं."

"त्याचं भाषण वाचलं म्हणालास!"

"म्हणून तर एवढी मेहनत घेतली."

ती मठाकडे धावत सुटली. दारातच मावशी म्हणाली, "अगं, सगळं गाव चौकात लोटलंय, वेस मोकळी असेल, म्हणून तो आजच निघाला."

पण चित्र लोकांसाठी उघडण्याआधीच वेशीवरच्या शिपायांना रांगेने भिंतीसमोरून फिरवून आणलं होतं.

ऊन कलायच्या आत बिंदोला चित्राशेजारच्या खिडकीतून पायाने टांगलं. लोक एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते.

"भिंतीवरचा जास्त जिवंत वाटतोय," एक खाटीक म्हणाला आणि हशा पिकला.

वान्नी मात्र हसला नाही. तो कितीतरी वेळ लोंबणाऱ्या देहाकडे टक लावून उभा होता. "चुकलंच माझं," तो पुटपुटला. "रक्त उतरलं की तोंड असं सुजतं." त्याने पुन्हा शिडी मागवली, रंग मागवले. मग त्याचं लक्ष खिडकीखाली पोराला घेऊन बसलेल्या लापाकडे गेलं.

"वहिनी," तो अदबीने म्हणाला, "जरा बाजूला सरकता का? शिडी लावायचीय."