तिसऱ्या-चौथ्यामधली भिंत

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात दोन पंथ आहेत: पट्टीआधीचे आणि पट्टीनंतरचे. इथे इटलीत, मोदेनाबाहेरच्या एका कारखान्यात साठच्या दशकात सहा सिलिंडरचं एक इंजिन बनायचं. ताकद अफाट, पण सुरुवातीच्या इंजिनांत तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमधली भिंत पातळ होती. जोरात दामटलं की ती तडकायची. मग कारखान्याने कुणालाही न सांगता मधेच कधीतरी भिंत जाड केली आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या ओतीव सांगाड्याला, बाहेरून एक उभी पट्टी दिली. कारखाना केव्हाच बंद पडला. पण पट्टी नक्की कितव्या इंजिनापासून आली, यावर आमचे एर्मेस मास्तर आणि लेआर्को लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडतात. माझ्या मते दोघांनाही दुसरा उद्योग नाही.

मी नेलो. माझा धंदा चीजचा. पार्मिजानोचे जात्याएवढे गड्डे गोदामात मुरत असतात. मी ते छोट्या हातोडीने ठोकतो आणि आत भेग किंवा पोकळी आहे का, ते आवाजावरून सांगतो.

क्लबातल्या सिल्व्हानोची हिरवी गाडी पट्टीआधीची, असं लेआर्को सोडून सगळेच धरून चालले होते. तो ती तीस वर्षं टोपलीतून अंडी नेल्यासारखी चालवत आला. गेल्या वर्षी तो गेला. आणि या शनिवारी त्याच्या बायकोने, ओरिएलाने, जाहीर केलं की उद्याच्या घाटाच्या शर्यतीत गाडी ती स्वतः नेणार, आणि पूर्ण जोरात नेणार. आम्ही सगळे तिच्या गॅरेजमध्ये धावलो. तिने पुऱ्या आणि मोर्तादेल्ला सॉसेजचे काप पुढे केले, पण ताटाकडे कुणी पाहिलंही नाही.

"वेड लागलंय का तुला?" एर्मेस म्हणाला. "नंबर बघ, आधीचा आहे. पट्टी नाही. दुसऱ्या वळणावर ब्लॉक उकलेल. मग दुसरा कुठून आणणार आहेस?"

"नंबरचं नि पट्टीचं काय घेऊन बसलास!" लेआर्को उसळला. "क्लच नंतरचा आहे, तेलाचा पंप नंतरचा आहे. मग भिंतही नंतरचीच असणार."

"ते सिल्व्हानोने बसवले असतील."

"सिल्व्हानोने? तो प्लग बदलायलासुद्धा मला फोन करायचा!"

ओरिएलाने ताट आपटलं. "तुमच्या भांडणात माझा नवरा म्हातारा झाला आणि गेला. मला एकदा ही गाडी मोकळी धावलेली ऐकायचीय. भिंत पातळ असेल तर तसं सांगा, मी गाडी झाकून ठेवीन. पण आज काय तो निकाल लावा."

मला राहवेना. मी खिशातली हातोडी काढली.

"झालं!" लेआर्को म्हणाला. "आता हा इंजिनावर चीजचा शिक्का मारणार."

"तू गप रे. आधी पाणी काढ त्यातलं."

पाणी निघाल्यावर मी ब्लॉकच्या कडेने ठोकत गेलो. पहिल्या-दुसऱ्यामध्ये पोकळ, उंच आवाज. दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये तोच. तिसऱ्या-चौथ्यामध्ये आवाज एकदम बसला. भरीव, आतून गच्च. मी पुन्हा ठोकलं. तोच आवाज. चुकून लागलेला आवाज मला कळतो. हा तसा नव्हता.

"नेलो, पुन्हा," एर्मेस म्हणाला. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा कुणी थट्टा केली नाही.

मग लेआर्कोने बाजूचं पत्र्याचं टोपण उचकटून काढलं. त्यामागे पाणी फिरतं ती पोकळी असते. एर्मेसने आत आरसा धरला, बॅटरी मारली आणि बघतच राहिला. 

"बोटं आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"बोटं. ही पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा बसवतात. तो भाजण्याआधी मऊ असतो. कुणीतरी तो हाताने खरवडलाय. जिथली वाळू निघाली तिथे लोखंड भरलं. तीन उंचवटे आहेत, शेजारी-शेजारी."

"म्हणजे पट्टीच्या आधीच भिंत जाड केली? त्याला सांगितलं कुणी?" लेआर्कोने विचारलं.

"कुणीच नाही. तडकलेले ब्लॉक वितळवायला परत ओतकामाच्या फाउंड्रीतच यायचे ना. तिथल्या त्या कामगाराने बघितले असणार." एर्मेसने आरसा माझ्याकडे दिला. "कारखान्याला सुचायच्या आधी त्याला सुचलं, लेआर्को. आणि आपण इथे पंप कुठला न् क्लच कुठला करत बसलोय."

मीही आरशात पाहिलं. तीन उंचवटे, जरासे तिरके, मधला थोडा लांब.  इतकी वर्षं 'कारखान्याने बदल केला' असं मीही म्हणत आलो होतो. तो बदल म्हणजे कुणाच्या तरी हाताची तीन बोटं असतील, हे कधी मनातही आलं नव्हतं. त्या माणसाचं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि आता कळणारही नाही.

ओरिएला पुढे आली. आमच्यापैकी एकाचाही पंजा त्या भोकात जाईना. तिचा गेला. ती कोपरावर रेलून आत चाचपत राहिली आणि मग थांबली. तिची बोटं त्या खुणांवर बसली असावीत.

"एवढी जाड?" ती म्हणाली.

ती रडेल असं मला वाटलं. ती चिडली. "तीस वर्षं! तीस वर्षं काटा अर्ध्याच्या वर नेला नाही त्या माणसाने. गाण्यासारखा आवाज आहे म्हणायचा, आणि ते गाणं कधी पुरतं ऐकलं नाही! कशाला भ्यायचा एवढा?"

 हात तिने बराच वेळ बाहेर काढला नाही.

रविवारी आम्ही तिघं घाटाच्या वरच्या वळणावर उभे होतो. गाडी दिसायच्या आधी आवाज आला. खालच्या चेस्टनटच्या रानातून तो चढत, फाटत, पुन्हा जुळत वर आला, आणि माझ्या छातीचा पिंजरा थरथरला. सिल्व्हानोची गाडी मी शेकडो वेळा ऐकली होती. हा आवाज तिच्यात होता हे मला माहीतच नव्हतं. एर्मेसने टोपी काढली.

गाडी वर पोचल्यावर लेआर्को थेट तिच्याखाली घुसला. "गळतीचा एक थेंब नाही," तो खालूनच ओरडला.

ओरिएला उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसती बसली होती. "त्याला ऐकवायला हवं होतं," ती म्हणाली.

सिल्व्हानोला की फाउंड्रीतल्या त्या माणसाला, हे मी विचारलं नाही. मी शेजारचं दार उघडून आत बसलो. तिने गाडी खाली वळवली, पुन्हा पायथ्यापासून चढायला.