खडूची रेघ

“थांबव गं मशीन! आहे तिथंच थांबव!”

रघुजी ओरडला तशी हेमलतानं खटका दाबला. कॉम्प्युटरवरचे दिवे जागच्या जागी थबकले.

आत विमानाच्या पंखाचं गणित चाललं होतं, आणि त्यातला एकेक हिशेब तपासणं हे रघुजीचं काम. दिव्यांवरून बोट फिरवलं की मशीनच्या पोटात कोणता आकडा कुठल्या घरात बसलाय ते त्याला कळायचं. पंखाची मंडळी इकडं, शेपटीची तिकडं. पटलं की गणिताच्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या खोक्यावर तो खडूची रेघ ओढायचा. रेघेशिवाय खोकं पुढं जाईल, काय बिशाद!

“हे शेपटीचं पोर पंखाच्या घरात काय करतंय?”

“अण्णा, मी गणितात वर दोन ओळी वाढवल्या ना,” पुण्याहून आलेली हेमलता म्हणाली. “आता मशीनसाठी फोरट्रान ही नवी भाषा आलीय. आपण फक्त गणित लिहायचं, कोणाला कुठं बसवायचं ते तीच ठरवते. दर वेळी घरं बदलतात.”

“मग काल मी बघितलं ते?”

हेमलताची नजर दाराकडं गेली. कालचं खोकं रेघेसकट दाराशी ठेवलं होतं, जेवणानंतर वर्कशॉपात जायचं होतं.

रघुजीला बसवेना. खिडकीपाशी गेला, परत आला. खिशातला खडू चाळवत राहिला. कोण विचारणार होतं? कदाचित गणित बरोबरही असेल. पण छे! त्या पंखाच्या भरवशावर माणसं उडणार. त्यानं शर्टाच्या बाहीनं रेघ खसाखसा पुसली आणि तडक साहेबांपुढं उभा राहिला.

“काल मी भलत्याच घरात बघितलं, साहेब. ती तपासणी धरू नका.”

साहेब बघतच राहिले. “तुम्ही, रघुजी?” एवढंच म्हणाले. तेच त्याला फार लागलं.

परत येऊन तो हेमलताशेजारी बसला.

“राजाजीनगरला आमच्या दारात परका आला की आमची अव्वा, माझी आई, विचारती, तू कोण, कोणाच्या घरातला? ह्यांना तसं विचारता येतंय का?”

“येतं की! प्रत्येकाच्या दारात छापायची एक ओळ घालू. आत शिरणारा आकडा कागदावर नाव नि घराणं सांगेल.”

“सरी,” कानडीत होकार देत तो म्हणाला, “घाल.”

दुपारी कागद खडखडत बाहेर आला. एकेक जण नाव सांगत होता, आकडे देत होता. दोघांनी मिळून सगळे पडताळले. रघुजीनं खडू काढला, खोक्यापाशी वाकला आणि थांबला.

“तूच ओढ, बाई. तुला समजतंय. मी नुसतं वाचतोय.”

तिची रेघ वाकडी आली. रघुजी मशीनपाशी गेला आणि दिव्यांवरून, सवयीनं, बोट फिरवत राहिला.