डब्यावरची शोभा कोण?

मी एक जुनी घोडी आहे. हसू नका, मित्रांनो! मला शेपूट नाही, खिंकाळताही येत नाही. भांड्यांवर नाव घालताना गोल भांडं गडगडू नये म्हणून त्याला धरून ठेवणारी मी लाकडाची घोडी. पकडून ठेवणं हा माझा धंदा, म्हणून स्वभावही संशयी.

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर दीनानाथ नाव घालायचं मशीन घेऊन बसायचे. आधी ते पेला गुडघ्यांत दाबून धरत. मशीन थरथरलं की पेला फिरे, आणि 'कमळाकर'चा 'कमळकार' होई. डबा मोठा असला तर त्यांची बायको कुमुद धरायला बसे. एकदा सुई तिच्या बोटात घुसली. ती कडाडली, "माझ्या बोटावर नाव घालता का आता? काहीतरी बनवा!"

त्याच रविवारी मी जन्मले. मोडक्या पाटाच्या दोन फळ्या, त्यांना खाचा, खाचांत रिक्षाच्या गॅरेजातली टाकाऊ बेअरिंगं आणि वरून आवळायला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. डबा हळूहळू फिरवावा आणि अक्षरं ओळीत उमटावीत! लग्नसराईत तर मला श्वास घ्यायला फुरसत नसे. "काय डोकं चालवलंय!" असं लोक म्हणत, दीनानाथांना. मला कोण विचारतो?

पण एकदा घात झाला. एका सभ्य दिसणाऱ्या माणसानं पेल्यांवर स्वतःचं नाव घालून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलवाला भांडायला आला. पेले त्याच्या हॉटेलातून चोरलेले होते! भर बाजारात दीनानाथांची शोभा झाली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून आम्ही दोघंही आलेल्या प्रत्येक भांड्याकडे वाकड्या नजरेनं पाहू लागलो.

अशात उरणकडच्या मिठागराच्या गावातली एक बाई आली. पदराखालून तिनं पितळेचा गोल डबा काढला.

"यावर सुमती नाव घाला."

दीनानाथांनी डबा माझ्यावर ठेवून पट्टा आवळला, फिरवला आणि थांबले. मागच्या बाजूला आधीचंच नाव होतं, 'शोभा'. मला तर वजन पडताच शंका आली होती. नवीन डबा कुणी पदराखाली आणतं का?

"ही शोभा कोण?"

"मीच. माज्या आयनं दिलेला डबा हाय. लग्नात नाव बदाललं."

"सगळे असंच काहीतरी सांगतात, बाई."

"आवो, उद्या घरात वाटनी हाय. जाऊ बोलते, आमच्या घरात शोभा कोन नाय, मंग डबा तुजा कसा? डबा घरचाच. नवरा भावासमोर तोंड उघडत नाय. आय तर गेली माजी. तिचं दुसरं कायपन नाय माज्याकडं."

दीनानाथांनी पट्टा सोडला, डबा तिच्या हातात दिला. "मला नको ही भानगड." बाईनं डोळे पुसले, डबा पोटाशी धरला आणि ओट्यावरून उतरून निघाली. खोटी असती तर भांडली असती की काय, असं मला वाटलं. पण छे! चोर तर त्याहून मुकाट्यानं जातात.

ती रिक्षांच्या गर्दीत शिरणार तोच दीनानाथांनी अचानक हाक मारली, "ए शोभा!"

"ओ!"

ती गर्रकन वळली. विचार करायला वेळच नव्हता तिला. मग कुणी हाक मारली हे कळलं आणि ती तिथंच तोंडाला पदर लावून रडू लागली. "आय गेल्यापासून कोनी हाकच मारली नाय या नावानं," ती म्हणाली.

दीनानाथ वरमले. त्यांनी स्वतः खाली उतरून तिला ओट्यावर आणलं, डबा पुन्हा माझ्यावर चढवला आणि 'शोभा'च्या खाली 'म्हणजेच सौ. सुमती' असं सुबक अक्षरांत घातलं. मी इतकं घट्ट कधी कुणाला धरलं नसेल. आता खुशाल म्हणू दे जावेला काय म्हणायचं ते!

बाई गेली. जेवणाचा डबा घेऊन आलेली कुमुद हे सगळं बघत उभी होती. ती म्हणाली, "अहो, माझं माहेरचं नाव काय होतं, सांगा बघू."

"आठवतंय की! ते हे..." दीनानाथ म्हणाले, आणि उगाचच माझा पट्टा ताणू लागले.

आता स्टीलच्या डब्यांवर नाव घालायला फारसं कुणी येत नाही. मी माळ्यावर धूळ खात पडले आहे. माझी धूळ झटका असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या आईचं, काकूचं, आजीचं आधीचं नाव काय होतं, ते विचारा. नुसतं विचारू नका, त्या नावानं एकदा हाक मारा. तुम्हाला ते आजवर ठाऊक नसणार, असा मला दाट संशय आहे.