साठ डाव्या बाह्या आणि एक पंखा

मी टेबलावर ठेवायचा पंखा. तीन पाती, तीन बटणं आणि मान वळवून इकडेतिकडे बघायची खोड. या खोडीमुळे एका जागी बसूनही मला सगळ्यांचं सगळं कळतं. इतकी वर्षं मूग गिळून बसलो होतो, पण आता माझा आवाज तसाही खडखड करायला लागलाय, तेव्हा बोलूनच टाकतो.

माझा जन्म पंख्यांच्या कारखान्यातला. दिवसाला दीडशे भावंडं जन्मायची, त्यामुळे लाड असे कोणाचे झाले नाहीत. एका शिवणकारखान्याच्या मालकांनी मला विकत घेतलं आणि आपल्या टेबलावर बसवलं. आल्याआल्या शर्टाची वरची दोन बटणं सोडून ते माझ्यासमोर तोंड आणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, यांचं माझ्याशिवाय पान हलत नाही. पुढे त्यांच्या खोलीत एसी लागला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे शेजारी कपडे चढवून बघायचा एक जुना पुतळा होता. त्याला डोकंच नव्हतं, त्यामुळे गप्पा बेताच्याच व्हायच्या. तीन वर्षं काढली मी तिथे.

मला खाली आणलं ते मास्टरताईंनी.

आमच्याकडे दवाखान्यांचे आणि शाळांचे गणवेश शिवतात. बारा मशिनं, एक इस्त्रीचं टेबल आणि टोकाला कापड कापायचं लांबलचक टेबल. त्या टेबलावर बावीस वर्षं मास्टरताईंची सत्ता. शिवण चुकली तर उसवता येते, पण कापलं ते कापलं. म्हणून कात्री एकाच माणसाच्या हातात असते आणि त्याला सगळे मास्टर म्हणतात. यांना मास्टरताई. वय एकोणपन्नास, नजर अशी की टेप लावायच्या आधीच खांद्याचं माप सांगणार.

भर थंडीत त्या मालकांकडे गेल्या. "माळ्यावरचा पंखा काढून द्या."

"ताई, स्वेटर घालून बसलोय मी. पंखा कशाला?"

"काढून द्या म्हटलं ना."

ताईंचा असा सूर कोणी कधी ऐकला नव्हता. मालक स्वतः स्टुलावर चढले. मात्र त्यांनी एक अट घातली. टेबलावर कापडाचे थर पसरलेले असताना पंखा बंद, कारण वाऱ्याने थर सरकतात आणि वरचे कागदी साचे उडतात. अट रास्तच होती. मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवलं.

तेव्हापासून ताईंचा चेहरा मी जवळून बघायला लागलो. काम करता करता त्या अचानक थांबायच्या. छातीतून एक लाली वर चढायची, मान, गाल, कान सगळं लाल. कपाळावर घामाचे थेंब. धावत येऊन माझं तीन नंबरचं बटण दाबायच्या. पाच मिनिटांनी त्यांनाच हुडहुडी भरायची आणि शालीची शोधाशोध सुरू.

"ताई, तुमच्या जवळ आलं की माझी इस्त्री विजेशिवाय तापते," इस्त्रीवाले दादा म्हणायचे. दादा मनाचे वाईट नाहीत, पण तोंडाला लगाम नाही. सगळे हसायचे. ताईही हसायच्या. मग तोंड धुवायला म्हणून जायच्या आणि परत यायला फार वेळ लावायच्या.

त्यांच्या हातात खडू असताना त्या खडू शोधायला लागल्या. सांगितलेलं माप पुन्हा विचारायला लागल्या. झोप नीट होत नव्हती, ते डोळ्यांखाली दिसतच होतं. एकदा डबा खाताना त्या काजकाकूंना हळूच म्हणाल्या, "माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू विसरायची. मग आम्हाला विसरली."

काजकाकू म्हणजे काजं करणाऱ्या आणि बटणं लावणाऱ्या आमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाई. त्यांनी ताईंच्या डब्यात आपल्यातलं थोडं वाढलं आणि खाली बघून जेवत राहिल्या.

आता तो दिवस सांगतो. सांगताना मला अजून लाज वाटते.

दवाखान्याचे तीस कोट शिवायचे होते, म्हणजे साठ बाह्या. कापड एका बाजूने चकचकीत, ती सुलट. डावी आणि उजवी बाही ही जोडी असते. म्हणून थर लावताना कापडाची सुलट बाजू सुलट बाजूसमोर येईल असं एकाआड एक पसरतात. म्हणजे एकदा कात्री चालली की निम्म्या बाह्या डाव्या आणि निम्म्या उजव्या निघतात. शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

ताईंनी थर बरोबर लावले होते. इतक्यात ती लाली चढली. त्या माझ्याकडे आल्या, बटण दाबलं आणि घाईत माझी मान टेबलाच्या दिशेने राहिली. मी आपला सवयीने जोरात फिरलो. वरचे थर फडफडून जमिनीवर, खालचेही सगळे विस्कटले. ताईंनी मला बंद केलं, घाम पुसत पुसत सगळं कापड गोळा केलं आणि पुन्हा पसरलं. सगळ्या थरांची सुलट बाजू वर. मला ते दिसत होतं. पण बंद पंख्याचं कोण ऐकतं?

दुसऱ्या दिवशी मशिनवरची एक बाई पहिल्या कोटाला दुसरी बाही लावायला गेली आणि बघतच राहिली. साठच्या साठ बाह्या डाव्या.

सगळी मशिनं थांबली. इस्त्रीवाले दादाही इस्त्री ठेवून बघायला आले. ताईंनी एक एक बाही हातात घेऊन बघितली, जणू एखादी तरी उजवी सापडेल. मग कात्री फडक्यात गुंडाळली आणि मालकांसमोर ठेवली. "मला आता बटणांवर बसवा. माझं डोकं राहिलं नाही."

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाह्यांचं कापड परत आणता आलं असतं, मास्टरताई कुठून आणणार? त्यांनी दवाखान्यात फोन करून उशीर होईल असं कळवलं. तर संध्याकाळी तिथल्या मोठ्या सिस्टरच जाब विचारायला दारात हजर.

सिस्टर आल्या त्या रागातच. पण ताई माझ्यासमोर बसल्या होत्या, थंडीत घामाने चिंब भिजलेल्या. सिस्टरनी हातात घेतलेली बाही बाजूला ठेवली आणि खुर्ची ओढली.

"हे असं कधीपासून होतंय?"

"वर्ष झालं."

"पाळी?"

ताईंनी आधी इस्त्रीच्या टेबलाकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "कधी दोन महिन्यांनी, कधी चार. पण ते वेगळं. माझी तक्रार डोक्याची आहे. विसरते मी, सिस्टर. माझ्या आईसारखं होतंय."

"वेगळं नाहीये हो ते," सिस्टर म्हणाल्या. "पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशीच असतात. अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, विनाकारण रडू येतं, छातीत धडधडतं, आणि विसरायलाही होतं. बहुतेकींचं हे विसरणं पुढे कमी होतं. आईचं दुखणं वेगळं असावं. तरी डॉक्टरांना दाखवू, रक्त तपासू, म्हणजे मनात शंका नको. यावर उपचार आहेत. गप्प बसून सोसायची ही गोष्टच नाही."

 ताईंना रडू फुटलं, पण ते सुटल्याचं रडू होतं. माझाही जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात त्यांचे यजमान त्यांना न्यायला आले. बस चालवतात ते, बोलणं कमी. सिस्टरनी त्यांनाही बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. ते टोपी हातात फिरवत ऐकत राहिले.

"मला वाटलं, माझ्यावर राग आहे," ते बायकोला म्हणाले.

"तोही होता," ताई म्हणाल्या.

"मग मी काय करू?" त्यांनी सिस्टरना विचारलं.

"आधी हेच यांना विचारा. आणि जाड पांघरूण एकट्याने घ्या, यांना पातळ द्या."

पुढच्या शनिवारी सिस्टर पुन्हा आल्या. मशिनं बंद ठेवून सगळ्यांना बसवलं. इस्त्रीवाले दादा काढता पाय घेत होते. ताई म्हणाल्या, "दादा, बसा. तुमच्या घरीही एक बाई आहे." दादा बसले. सिस्टरनी सोप्या शब्दांत सगळं समजावलं. पाळी येऊन पूर्ण वर्ष झालं की ती गेली म्हणायचं, आणि त्यानंतर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच डॉक्टरकडे जायचं, हेही सांगितलं.

शेवटी त्यांनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. काजकाकू मांडीवरचा दोरा गुंडाळत म्हणाल्या, "मीपण मास्टर होते. दुसऱ्या कारखान्यात. असंच झालं. मला वाटलं, वेड लागतंय. कोणाला न सांगता काम सोडलं. वीस वर्षं झाली." मग ताईंकडे वळल्या. "त्या दिवशी तू डब्यावर बोललीस, तेव्हाच सांगायला हवं होतं मी. लाज वाटली गं."

ताई उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. दादांनी मान खाली घातली. सोमवारी त्यांनी आपल्या दोन जुन्या लोखंडी इस्त्र्या आणून साच्यांवर वजन म्हणून ठेवल्या, म्हणजे ताईंना मधूनमधून मला लावता येईल. माफीबिफी काही मागितली नाही. त्यांना तेवढंच जमतं.

कात्री ताईंच्याच हातात राहिली. आता औषध सुरू आहे, थर लावून झाले की काजकाकू येऊन एकदा नजर टाकतात. ताई अजून अधूनमधून विसरतात, पण घाबरत नाहीत. माझं दोन नंबरचं बटण अडकतं, मानही आखडलीय, कधीतरी भंगारात जाईन. त्याआधी एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात किंवा कामाच्या जागी एखादीने भर थंडीत पंखा लावला, तर हसू नका. तिच्याजवळ बसा आणि विचारा.

परवाची गोष्ट. टेबलावर कापड पसरलेलं होतं आणि मी संथ फिरत होतो. ताईंनी काजकाकूंना हाक मारली आणि कात्री त्यांच्यापुढे धरली. काकू नको नको म्हणाल्या. ताईंनी त्यांचा हात धरून कात्री हातात दिली. मग माझ्याकडे येऊन त्यांनी मला बंद केलं, कापडाचा एक दोरासुद्धा हलू नये म्हणून. मी थांबलो. वीस वर्षांनी काकूंनी कापायला सुरुवात केली, आणि थांबायचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.